माझ्या ८८ च्या जागी

रॉसिन्योल एक्स्पिरियन्स ८८ ही माझी स्कीजची जोडी २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला कायमची गेली आणि तिच्या जागी दुसरी पायात येईपर्यंत पुढचा सीझन उजाडला. मधल्या काळात एवढं वाचलं, इतक्या जणांना विचारलं, लोकांच्या स्कीज मागून घालून बघितल्या की म्हटलं एकदा लिहूनच काढावं, कारण मराठीत शोधायला गेले तर काहीच हाताला लागलं नव्हतं, आणि समुद्रकाठी राहून बर्फात जाणारे आपल्याकडे आता बऱ्यापैकी आहेत.

आमचं घर रत्नागिरीला, भाट्याच्या बाजूला, धंदा काजूचा. नवा काजू मार्चात यायला लागतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत युनिट जावेवर सोडून मला निघता येतं. बर्फाशी गाठ पडली ती नवऱ्यामुळे. तो कोकण रेल्वेत, आणि चिनाब नदीवरच्या पुलाचं काम कोकण रेल्वेकडे असल्यामुळे त्याचं पोस्टिंग जम्मूतल्या रियासीला होतं. मी सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे जायचे, एका हिवाळ्यात तिथून पुढे गुलमर्गला गेलो, तिथे सरकारी संस्थेचा बिगिनर कोर्स चालू होता तो कठड्याला उभी राहून बघितला, पुढच्या वर्षी स्वतःच नाव घातलं आणि मग दर वर्षी जातच राहिले. हा पूल ६ जून २०२५ ला सुरू झाला, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोरून कोणी हललं नाही.

तर ८८. ती मी गुलमर्गलाच सेकंडहँड घेतली होती. सीझन संपत आला की बाहेरून आलेले बरेच जण परतीच्या विमानात वजन नको म्हणून सामान तिथेच विकून जातात, तशी एका फ्रेंच बाईंकडून मिळाली. लांबी १७२ सेंटीमीटर, कमरेत म्हणजे बुटाखाली रुंदी ८८ मिलिमीटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्कीचा स्वभाव बराचसा या मधल्या रुंदीवर ठरतो. मशीनने दाबून तयार केलेल्या कडक उतारावर नुसती वळणंच घ्यायची असतील तर ६५-७५ च्या अरुंद स्कीज, खोल मऊ बर्फात तरंगायचं असेल तर १०५ च्या पुढच्या रुंद, आणि दोन्हीकडे चालायला हव्यात त्या ऑल-माउंटन, साधारण ८० ते १००.

माझी जोडी या मधल्या पट्ट्यातली आणि मला ती इतकी अंगवळणी पडलेली की पायात वेगळं काही आहे असं वाटायचंच नाही. सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे केबलकारच्या, पहिल्या टप्प्याखाली रात्रभर गोठून टणक झालेल्या उतारावर घोटा जरासा कलता केला की एज, म्हणजे स्कीच्या कडेची पोलादी पट्टी, बर्फ धरायची, करकर आवाज यायचा पण पाय सरकायचा नाही. दुपारी लोकांनी तुडवून ढेकळं केलेल्या बर्फात टोक वर न उडता आरपार जायचं. बाबा रेशीच्या दर्ग्याकडे जंगलातून उतरताना दोन झाडांच्या मधे ऐनवेळी वळायला लागतं, तिथे शेपूट, म्हणजे स्कीचं मागचं टोक, आपोआप सुटायचं, मला ओढायला लागायचं नाही. घाबरत घाबरत उतरणारी मी तिच्यावरच धीट झाले, त्यामुळे माझा जीव होता त्या जोडीवर, हे लिहिताना पण आहे.

२०२४ चा जानेवारी काश्मीरला कोरडा गेला होता, गुलमर्गचे पिवळे पडलेले उतार सगळ्यांनी बातम्यांत बघितले असतील. महिना संपता संपता बर्फ पडला, पण खाली जुना थरच नव्हता, म्हणजे वरून सगळं पांढरं आणि खाली वीतभरावर दगड. कोंगडूरीच्या, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथल्या, वरच्या अंगाला चेअरलिफ्टच्या बाजूने येताना डावी स्की अशाच एका झाकलेल्या दगडावरून गेली. मी पडले नाही, पण आवाज असा आला की पोटात खड्डाच पडला. खाली येऊन उलटी केली तर बेसला, म्हणजे तळाला, खोल चर गेलेला आणि बरोब्बर बुटाखाली एज तुटून बाहेर आलेली.

बेसचा चर भरता येतो, पॉलिथिलीनची कांडी मेणबत्तीसारखी पेटवून ते थेंब चरात पाडतात आणि थंड झाल्यावर खरवडून सपाट करतात. पुढे-मागे कुठे एज तुटली तर नवा तुकडा पण बसवतात. बुटाखाली मात्र सगळं वजन येतं, तिथला तुकडा टिकत नाही. तरी मी बाजारातल्या एका जुन्या रिपेअरवाल्या चाचांकडे घेऊन गेले. त्यांनी स्की शिकंजात लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि साइडवॉलच्या, म्हणजे स्कीच्या बाजूच्या भिंतीच्या, फटीत पातळ चाकू घातला, पातं अर्धं अलगद आत गेलं. मग बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवतं त्या खटक्याचा, मागचा स्क्रू पेचकसाने अर्धा फेरा सैल केला आणि उरलेला चिमटीत धरून नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढला. आट्यांना काळपट भुगा चिकटलेला होता, तो त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवला. "मॅडम, ये आज का नहीं है. इसकी लकड़ी पहले से पानी पी रही थी." ज्या स्क्रूवर गुडघ्याचा आणि जिवाचा भरवसा असतो तो बोटांनी निघतोय म्हटल्यावर विषय संपला. त्या पायऱ्यांवर बसून मी रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता हे पाणी आत कसं गेलं ते कोकणातल्या लोकांनी नीट वाचा. स्कीची एज सहसा स्टेनलेस नसते, साध्या कार्बन स्टीलची असते. आपल्याकडे खिडकीचे गज, फ्रिजचा तळ, गॅसची शेगडी जे काही लोखंडी ते खाऱ्या वाऱ्याने गंजतं, तिथे या दीड-दोन मिलिमीटरच्या पट्टीची काय कथा. मी दर वर्षी परत आले की स्कीज गोड्या पाण्याने पुसायचे, गमी स्टोनने, म्हणजे खरखरीत रबरी ठोकळ्याने, गंज काढायचे, मग बेसवर आणि एजेसवर पण इस्त्रीने मेणाचा जाड थर चढवून तो तसाच ठेवायचे, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बॅगेत, बॅग माळ्यावर. एवढं करून बाहेरून त्या छान राहिल्या. पण जुनी स्की असली की एज आणि साइडवॉलच्या मधे केसाएवढ्या भेगा असतातच, त्यातून ओल शिरते, मधलं लाकूड फुगतं, सुकतं, परत फुगतं आणि स्क्रूची पकड जाते. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हे आतल्या आत चालू असतं. म्हणून सेकंडहँड घेऊन किनारपट्टीवर ठेवणार असाल तर वरचा रंग, ओरखडे बघू नका, साइडवॉलची रेघ नखाने चाचपा आणि बाइंडिंगच्या टाचेला धरून हिसका देऊन बघा.

पहिला विचार अर्थातच तीच जोडी परत घ्यावी असा आला. पण रॉसिन्योलने ८८ बंद करून त्या जागी ८६ आणली होती, बांधणी पण बदललेली. जुन्या स्टॉकमधली ८८ कुठेतरी मिळाली असती, पण ती किती वर्षं कुठल्या गोदामात पडलेली असणार, आणि माझ्याच घरच्या माळ्यावर लाकडाचं काय झालं ते नुकतं बघितलेलं, त्यामुळे तो नाद सोडला.

तिथे भेटणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, गुलमर्ग म्हणजे पावडर, ताजा भुसभुशीत बर्फ, रुंद घे. अफरवाट डोंगरावरचा गोंडोलाचा वरचा टप्पा साधारण ३९५० मीटरवर आहे, तिथून खाली पीर पंजालचे ते मोकळे उतार, बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुख शब्दात सांगता यायचं नाही, त्यामुळे सल्ला खोटा नव्हता. मी भाड्याने ११० च्या वरची एक रुंद जोडी घेतली. ताज्या बर्फात स्वर्ग. पण बर्फ पडून दोन दिवस झाले, ऊन लागून वर पापुद्रा आला, लोकांनी रेघोट्या मारल्या, की त्याच रुंद स्कीज एका एजवरून दुसऱ्या एजवर न्यायला माझ्या गुडघ्यांना काम पडायला लागलं, आणि सकाळच्या कडक उतारावर तर एज लागतच नव्हती, पायाखालून नुसतं खरवडल्यासारखं.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन व्होल्कलची मंत्रा घालून बघितली, पुण्याच्या एका ओळखीच्या दादांची, ९६ ची. हिच्यात टायटनल असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे पातळ पत्रे. धातूने स्की थरथरत नाही, वेगात पण जमिनीला चिकटून राहते, बदल्यात वजन आणि ताठपणा येतो. वेगात असताना ती काय सुंदर चालते! पण झाडांत हळू गेलं की ती माझं ऐकेना. दादा माझ्यापेक्षा पुष्कळ वजनदार, त्यांच्या पायाखाली जी स्की वाकते ती माझ्या वजनाने वाकत नाही, आणि वाकली नाही तर वळत नाही, साधा हिशोब आहे. रिव्ह्यूमधे "मस्त आहे" लिहिणारा माणूस किती किलोचा आहे हे कोणी लिहीत नाही, ते आधी विचारायला हवं.

त्या रात्री हॉटेलात बुखारीजवळ, म्हणजे काश्मिरी शेगडीजवळ, बसून एक कागद घेतला आणि मॉडेलची नावं बाजूला ठेवून नुसता बर्फ लिहून काढला. माझ्या वाट्याला गुलमर्गला प्रत्यक्षात कुठला बर्फ येतो? ताजा खोल बर्फ थोडे दिवस. तुडवलेला, पापुद्र्याचा, सकाळी टणक आणि दुपारी ओला, हा बाकी सगळा वेळ. मला वाटतं इथेच गाडी रुळावर आली. चांगल्या बर्फात कुठलीही स्की चांगलीच वाटते, त्यामुळे त्यावर परीक्षा घेऊन उपयोग नाही, जो बर्फ आपल्याला आवडत नाही आणि तरी ज्यावरून खाली यायचंच आहे त्यावर बघायचं. ८८ ला मी इतकी चिकटून होते ती याच्यासाठीच, वाईट दिवशी ती मला सांभाळून आणायची. मग कागदावर उरलं ते एवढंच की कमरेत ९०-९५, थोडा धातू पण पूर्ण पत्रे नकोत, बुटाखाली कॅम्बर आणि टोकाला रॉकर.

हे कॅम्बर-रॉकर म्हणजे काय तर स्की सपाट जमिनीवर ठेवली की मधे कमानीसारखी उचललेली असते तो कॅम्बर, वजन टाकलं की कमान दबते आणि एज पूर्ण लांबीने बर्फाला लागते, कडक बर्फावर पकड येते ती त्यानेच. रॉकर म्हणजे टोक लवकर वर उचललेलं, ते मऊ बर्फात बुडत नाही. याचा लांबीशी पण संबंध आहे, रॉकर जास्त तेवढी बर्फाला टेकणारी लांबी कमी, म्हणून नुसती सेंटीमीटरची तुलना फसवी, जुनी आणि नवी जोडी सपाट फरशीवर शेजारी ठेवून कुठून कुठपर्यंत टेकतात ते बघायचं.

परतायच्या आदल्या दिवशी ड्रॅगलिफ्टच्या रांगेत एक ऑस्ट्रेलियन बाई भेटली, उंचीने, वजनाने साधारण माझ्याच एवढी, पायात नॉर्डिकाची सांता ॲना ९३, १७२ लांबीची. नॉर्डिका इटलीची कंपनी, त्यांची एन्फोर्सर म्हणून प्रसिद्ध ऑल-माउंटन आहे, तिची ही बायकांसाठीची बहीण. बायकांची स्की म्हटलं की दुकानात मऊ आणि आखूड काहीतरी पुढे करतात म्हणून मी त्या कप्प्याकडे बघतच नव्हते, पण हिच्यात धातू होता आणि मधे चांगलं लाकूड. मी सरळ विचारलं, दोन फेऱ्या देशील का? आमच्या बुटांच्या सोलची लांबी काही मिलिमीटरच वेगळी निघाली, तिचं बाइंडिंग पुढे-मागे सरकणारं होतं, खालच्या दुकानात जाऊन माझ्या बुटाला आणि वजनाला जुळवून घेतलं. हे केल्याशिवाय कोणाच्या स्कीज घालू नका, बाइंडिंग वेळेवर सुटलं नाही तर गुडघ्याचा लिगामेंट जातो.

मी मुद्दाम सगळ्यात घाण उतार निवडला, दुपारची ढेकळं, त्यात मधेमधे सावलीत गोठलेले पट्टे. पहिल्या वळणाला मागे राहिले, दुसऱ्याला जरा पुढे झुकले, आणि तिसऱ्याला ते शेपूट सुटलं, तसंच, न ओढता. गोठलेल्या पट्ट्यावर एज लागली. मी खाली पोचून त्या बाईला मिठीच मारली, तिला बिचारीला काय कळेना.

घ्यायचं तर भारतात अशा जोड्या सहज मिळत नाहीत. माझा भाचा म्युनिकला असतो, युरोपात मार्च-एप्रिलला सीझन संपताना दुकानं त्या वर्षीचा माल बऱ्यापैकी उतरवून विकतात, त्याने तेव्हा १७२ ची नवी जोडी घेतली. बाइंडिंग वेगळं. जुनं काढून लावावं असं मनात होतं, पण माझे बूट ग्रिपवॉक सोलचे, म्हणजे चालायला सोपा जरा वाकडा रबरी तळ असतो तो, आणि जुनं बाइंडिंग त्या आधीच्या जमान्यातलं, दोन्ही एकमेकांशी जमत नाहीत. मग टायरोलियाचं ॲटॅक घेतलं, ९५ च्या ब्रेकचं. ब्रेक म्हणजे बूट सुटला की खाली उघडून स्की थांबवणारे दोन दांडे. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा किंचित जास्त हवी, कमी असली तर खाली उघडत नाही आणि फार जास्त असली तर वळताना बर्फात घासते.

भाचा गणपतीला आला तेव्हा जोडी घरी आली. पडवीत पिशवी उघडली तर सासूबाई आरतीची तयारी सोडून येऊन उभ्या. "आता ही तरी माळ्यावर नको गो ठेवूस, माझ्या खोलीत ठेव, तिथे वारा लागत नाही," म्हणाल्या आणि खरंच त्यांच्या लाकडी कपाटामागे जागा करून दिली. घरात तीच एक खोली समुद्राकडे उघडत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नव्या जोडीला पहिल्या दिवसापासून मेण, एजेसवर पण, आणि सिलिका जेल दर महिन्याला बदलायचं हे ठरवूनच टाकलं.

जानेवारी संपताना मंगला एक्स्प्रेसने निघालो, रत्नागिरीला चढलं की थेट निजामुद्दीन, स्की बॅग खालच्या बर्थखाली जरा तिरकी बसते, समोरच्याला आधी चहा पाजला की तो पाय सांभाळून ठेवतो. पुढे दिल्ली-श्रीनगर विमान.

बाइंडिंग त्याच चाचांकडून बसवून घेतलं आणि पूर्ण वेळ शेजारी उभी राहिले. स्कीच्या बाजूला बुटाच्या मध्याची खूण असते, बुटावर पण रेघ असते, त्या दोन्ही जुळवून वर जिग, म्हणजे भोकांच्या जागा दाखवणारा साचा, लावतात आणि जिगच्या भोकांतून ड्रिल. धातूच्या स्कीला ४.१ चं बिट लागतं, बिनधातूच्या स्कीला त्याच्यापेक्षा बारीक, खोली ९ मिलिमीटरवर अडवलेली, नाहीतर बिट बेसमधून बाहेर. प्रत्येक भोकातून आधी धातूची चकचकीत कीस वर आली आणि मग लाकडाचा पिवळट स्वच्छ भुगा, त्याचा वास घेऊन बघितला, कोरडा, सुका. मी काही बोलायच्या आधीच चाचांनी प्रत्येक भोकात गोंद सोडला आणि स्क्रू पिळल्यावर कडेने वर आलेला फडक्याने पुसून घेतला, गोंदाने पाणी आत जात नाही. मग वजन, उंची, वय आणि सोलची लांबी बघून डिन, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटायचं तो आकडा, लावला.

२०२५ चा फेब्रुवारी गुलमर्गला पुन्हा कोरडा. बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा पुढे ढकलला, तो शेवटी मार्चमधे झाला. लोक निराश होऊन परत जात होते आणि मला मात्र हवी तशी परीक्षा मिळाली, दिवसच्या दिवस तोच घासून गुळगुळीत झालेला टणक उतार. नव्या एजेस सुरुवातीला फार पकडायच्या, वळण संपलं तरी सोडायच्या नाहीत, टोकाकडे आणि शेपटाकडे डायमंड स्टोनने किंचित बोथट केल्यावर सुधारल्या. महिन्याच्या शेवटी दणकून बर्फ पडला, पहिल्या सकाळी दुसऱ्या टप्प्यावर रांग लावून वर गेलो आणि त्या खोल बर्फात नवी जोडी जुन्या ८८ पेक्षा सरळ सरळ उजवी निघाली, टोक कुठेच बुडलं नाही, मी पहिल्यांदाच त्या उतारावर न थांबता खाली आले.

एका ठिकाणी अजून जमत नाहीये, टेंगळांच्या उतारावर. तिथे ८८ पटकन इकडून तिकडे व्हायची, ही जरा उशीर करते. चाचा म्हणाले बाइंडिंग एक सेंटीमीटर पुढे घेतलं तर फरक पडेल. पण त्यासाठी नवी भोकं पाडायला लागणार, आणि आमच्याकडची हवा बघता नव्या कोऱ्या लाकडात आणखी भोकं मला नकोयत, त्यामुळे येत्या सीझनला आहे तिथेच ठेवून मीच जरा पुढे झुकून बघणार आहे.